बाकी ३॥

नंदनवनच्या सेंटरवर दिवसाला चाळीस गाड्या.
मी स्टूल ओढते, जुनी पाटी काढते, नवी लावते.
नवी कुठल्या कारखान्यातून येते मला ठाऊक नाही,
खोक्यातून निघताना सगळ्या सारख्याच गार.
कोपऱ्यात चमकणारं चक्र, खाली बारीक लेझरचा नंबर,
आणि लॉक असं, की एकदा टक् झालं
की उघडायचं नसतं. तोडायचंच.

जुन्या पाट्या हट्टी.
कोणाचा स्क्रू गंजलेला, कोणाची तारेनं बांधलेली,
एका पोराची ४१४१ अशी वळवलेली की वाचावं ‘दादा’.
चलानाच्या पावत्या त्यानं मला मोजून दाखवल्या
लग्नातल्या आहेरासारख्या.
देवनागरी एकतीससाठी एक काका अडून बसले:
"कॅमेऱ्याले मराठी येत नाई, तं शिकवा नं त्याले."
मी हसले. पाटी काढली.

मंगळवारी, ऊन डोक्यावर असताना, एक लुना आली.
मालक बोधनकर, पोस्टातून रिटायर,
तोंडाला दुपट्टा, फक्त चष्मा उघडा.
पाटी काळी, अक्षरं पांढरी, एमएच ३१,
आणि त्यातला तीन:
डोकं सपाट, पोट पुढे,
पंगतीतून उठलेल्या माणसासारखा.

तो तीन मी ओळखते.
कॉटन मार्केटमागे महागूमामाचं लाकडी खोकं होतं,
टर्पेंटाइनचा वास आणि रेडिओ.
शाळा सुटली की मी तिथं.
पाटीवर अंक शिकले तो अशाच पाटीवर,
ओला रंग, हात लावायचा नाही.

बोल्ट सुटला. पाटी उलटी केली.
मागच्या बाजूला, जिथं कोणी पाहत नाही,
बारीक ब्रशनं:
बोधनकर. बाकी ३॥ रु.

काही बोलले नाही.
त्यांना नवी लावून दिली, टक्,
फोनवर फोटो काढला, पुढचा नंबर पुकारला.
जुनी तिथंच वाकवून टाकायची, असा नियम.
ती मी डब्याच्या पिशवीत सरकवली.

मामाचे दोन्ही डोळे आता दुधाळ.
त्यानं पाटी मांडीवर घेतली,
रंग उडालेल्या कडेवर नख फिरवलं.
"हा वरचा माझा.
याच्याखाली पिवळा, कोण्या ऑटोचा असंल.
त्याच्याखाली काळा, महाराष्ट्र झाला तवाचा.
मंग मुंबई. तिथं आपण साडेतीन साल होतो.
त्याच्याखाली एमपी. अन् तळाले
सीपी. तो माह्या बापाच्या हातचा."

पत्रा भंगारातून यायचा, म्हणे,
घासायला वेळ कुणाला, त्यावरच नवा हात.
"गाव कुठीच गेलं नाई, बाई.
आमी इथंच बसून होतो ब्रश घेऊन.
राज्यच येत होते एकेक,
अन् म्हणत होते, आमचं नाव टाका."

मी खिडकीपाशी नेऊन पाहिलं.
मला दोनच थर दिसले.
पांढऱ्याखाली काळा, काळ्याखाली गंज.
सांगितलं नाही.

"अन् हे साडेतीन?"
"पोस्टवाला ना तो? सुट्टे नाई म्हणे.
उद्या देतो म्हणे."

फॉर्मवर बोधनकरांचा मोबाइल नंबर आहे, दहा आकडी.
दोनदा लावायला घेतला.
काय म्हणणार?
तुमची नवी पाटी पक्की बसली,
सरकारचं सगळं चुकतं झालं,
एका माणसाचं राहिलंय?

आमच्या कूलरचा एक पाय आखूड आहे,
पूर्ण उन्हाळा तो खडखड करतो.
रविवारी खस बदलली तेव्हा
पाटी त्या पायाखाली सरकवली, आकडे वरच्या बाजूला.
खडखड थांबली.
पाणी ठिबकतं ते थेट तिनाच्या पोटावर.

रात्री पंखा लागला, वारा सुटला,
की मामा भिंतीकडे तोंड करून विचारतो,
"आला का वं तो?"
मी दिवा घालवते.
उद्या, म्हणते.