खाडा

पाच तारखेला, रात्री बारा वाजून चार मिनिटांनी
बँकेचा मेसेज येतो.
हुपरीहून बाबांनी पाठवलेले पैसे
अजून नीट मोजूनही झालेले नसतात.
एकशे एकोणपन्नास. मग एकोणसाठ. मग एकशे नव्व्याण्णव.
झोपेत कुणी उशीखाली हात घालावा
आणि जाताना पावती ठेवून जावी,
तसं.

बाबा पैंजणाला घुंगरू जोडतात.
चांदी तोलून आणायची, तोलून द्यायची,
मधे जे कमी भरतं त्याला घट म्हणतात.
शेठ थोडी घट धरतो. त्यावरची मजुरीतून.
म्हणून आमच्याकडे झाडलोट कधी फेकत नाहीत,
डब्यात साठवतात,
वर्षाकाठी जाळून त्यातून कणभर चांदी काढतात.
त्यांना कसं सांगू,
माझी घट झाडूला लागत नाही.

राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौघी.
एक पंखा, दोन बादल्या, तीन चार्जर
आणि सिनेमाच्या अ‍ॅपची भिशी:
या महिन्यात निलोफर भरणार, पुढच्यात कस्तुरी,
मग मी, मग चंदगडची संजीवनी,
जी भरते सगळ्यात आधी आणि झोपते पहिल्या दहा मिनिटांत.
परवा ऐन खुनी सापडायच्या वेळी पडदा काळा झाला.
त्यावर प्रश्न:
तुम्ही सगळे एकाच घरातले आहात का?
निलोफरचा स्वेटर माझ्या अंगात,
माझी चादर संजीवनीवर,
कस्तुरीचा खोकला चौघींच्या घशात.
आम्ही हो म्हटलं.
त्याला पटलं नाही.

अक्काच्या खाणावळीचं कार्ड पिवळं आहे.
गावाला जायचं असलं की आदल्या रात्री सांगायचं,
अक्का, उद्या खाडा.
ती भाकरी थापता थापता मान हलवते,
पिठाच्याच हातानं पेन उचलून तारखेवर फुली मारते.
ऐंशी रुपये वजा.
का, कुठं, कशाला, काही विचारत नाही.
फुलीशेजारी अंगठ्याचा पांढरा ठसा तेवढा राहतो.

दिवाळीत मी अकरा दिवस घरी होते.
अक्काचे अकरा खाडे.
बाकी कुणाचा एकही नाही.
गाणी ऐकली नाहीत, जागा वापरली नाही, काही पाहिलं नाही,
तरी पान वाढून ठेवलं होतं म्हणे माझं
रोज.

शेवटी रविवारी बसले.
कार्डाच्या पाठीवर सगळी नावं लिहिली,
पुढे आकडे, आणि बेरीज पाहून आधी चहा केला.
मग रद्द करायचं बटण शोधत राहिले.
सापडलं, तर विचारतं, खरंच जाताय?
पुन्हा, अर्ध्या किमतीत थांबाल का?
पुन्हा, जायचं कारण निवडा.
पाच कारणं दिली होती.
बाबांचं एकही नव्हतं त्यात.
मी 'इतर' वर बोट ठेवलं.

आणि सगळ्यात खाली हे एक निघालं:
जर्मन शिका, सात दिवस मोफत.
मार्चमधलं. कुणाचीतरी बहीण म्युनिकला गेली होती तेव्हाचं.
त्यानंतर आठ महिने, एकशे एकोणपन्नास प्रमाणे,
अकराशे ब्याण्णव.
मला येतं फक्त गुटेन मॉर्गेन.
एक शब्द पडला पाचशे शहाण्णवला.
कस्तुरी म्हणाली, मग वापर की आता,
वसूल तरी होईल.

सोमवारी सकाळी डबा न्यायला गेले
आणि अक्काला म्हटलं,
गुटेन मॉर्गेन.
तव्यावरून वर न बघता ती म्हणाली,
ते असूंदे.
उद्या जेवनार हाईस का खाडा,
तेवढं सांग.