पहिले काटा, मंग सिंगल

वही सुरू केली ती हर्षालीच्या वाढदिवसासाठी.
जळगावच्या फुले मार्केटातून जाड कार्डपेपर आणला,
दोन पायांच्या पितळी पिना, दुहेरी चिकटपट्टी,
घडी दाबायला आईच्या कंगव्याची पाठ.

पहिल्या पानावर केळीचं पान.
मधल्या शिरेवर उघडतं, आणि घडाच्या जागी
भाचीच्या बारशाचे अकरा फोटो
पेटीच्या भात्यासारखे खाली लोंबतात.

दुसऱ्यावर चकती.
फिरवली की खिडकीत येतं भरीत,
मग कळण्याची भाकर, मग मांडा,
मग परत भरीत,
कारण चौथं चित्र मला सुचलं नाही.

तिसऱ्यावर आजोबांचा सिग्नल.

आजोबा, म्हणजे माझे आप्पा, समोरच्या खाटेवर.
भुसावळ यार्डाच्या केबिनमध्ये चौतीस वर्षं लिव्हर ओढलेला
उजवा हात एप्रिलपासून
कुणी विसरून गेल्यासारखा उशीवर.
बोलणं परत आलं ते अहिराणीत आलं.
नोकरीतली मराठी, साहेबांशी बोलायची हिंदी
अजून मागच्याच कुठल्यातरी स्टेशनात.

मी पट्टी ओढली. लाल हात वर गेला.
"हाई चुकनं."
वर जात नाही तो. खाली पडतो.
पिन उसवली, फिरवून लावली.

दोन दिवसांनी पुन्हा:
"हाई बी चुकनं. पहिले काटा, मंग सिंगल."

कळायला एक रात्र गेली.
रूळ वळलेला नसेल तर सिग्नल पडताच कामा नये.
केबिनच्या तळाशी लोखंडी पट्ट्या
एकमेकींत अडकलेल्या असतात,
एक सरकल्याशिवाय दुसरी सुटत नाही.
हे ते पूर्वी जेवताना सांगायचे,
आणि मी भात कालवत हूं हूं म्हणायचे.

म्हणून दोन पट्ट्या. एकीला खाच, दुसरीला दात.
सात वेळा फसलं.
कागदाचा दात तिसऱ्या ओढीलाच चुरगळायचा.
मग कपाटावरची दवाखान्याची पिशवी काढली,
स्कॅनची मोठी फिल्म:
आप्पांच्या डोक्याचे वीस काप,
वीसही कापांत एकाच जागी काळं.
जपून ठेवा, म्हणाले होते डॉक्टर.
मी कात्री लावली.
फिल्म वाकते, फाटत नाही.

मंगळवारी फेगडे मॅडम येतात, रबरी चेंडू देतात.
आप्पा तो खाटेखाली सोडून देतात.
"पोरेस्ना खेय."
पण मॅडम गेल्या की अंगठा आणि शेजारचं बोट
काट्याच्या पट्टीवर.
अर्धा इंच. थरथर. परत मागे.
तीन आठवडे अर्धा इंच.
मी बघत नाही असं दाखवत
खिडकीजवळ लसूण सोलत बसायचे.

एका दुपारी, कूलरच्या घरघरीतही ऐकू आलं:
टक्.
दात खाचेत बसला.

आता सिग्नल ओढतील, म्हणून मी वळले.
ओढेनात.
बोटं दुसऱ्या पट्टीवर, तशीच.
माझ्याकडे बघत राहिले, जरा रागानंच,
ड्युटीवरच्या माणसाला नवशिक्याचा येतो तसा.
काय हवंय? पाणी? उशी?
मान हलली: नाही.
मग भिंतीकडे नजर, मग कानाकडे डावा हात.

घंटा.
पुढच्या केबिनची घंटा आल्याशिवाय
गाडी सोडायची नसते.

मी लसणाची सुरी उलटी धरली
आणि स्टीलच्या पेल्यावर वाजवलं.
किती ठोके, ते मला माहीत नव्हतं. तीन दिले.
त्यांनी बहुधा सांभाळून घेतलं.
लाल हात हळूच खाली पडला.

हर्षालीला शेवटी घड्याळ दिलं.
वहीचं चौथं पान कोरंच आहे,
आणि तिसऱ्यावरच्या रुळांवर अजून गाडी नाही.
कोणती चिकटवू, विचारलं काल,
मालगाडी की पॅसेंजर?
पट्टी मागे सारत म्हणाले,
"आजून टाइम शे."