रिकामं वजन

नंदोरी फाट्यावर आमचा धर्मकाटा,
वर पत्र्याच्या खोलीत मी आणि दोन संगणक.
समुद्रपूरपासून वणीपर्यंत एकतीस काट्यांच्या पावत्या
माझ्या प्रोग्राममधून निघतात:
भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ कापूस.

डिसेंबरातल्या एका सोमवारी, पहाटे साडेचारला,
एकतीसही पडद्यांवर ते गोल चाक फिरायला लागलं.
ट्रॅक्टरांची रांग पेट्रोलपंपाच्या पुढं गेली.
कुणी पऱ्हाट्या पेटवून शेकत बसले,
आणि वडनेरचा काटेवाला फोनवर:
"चाफले मॅडम, थे फिरूनच रायलं.
हातानं लिहू का?"
लिहा, म्हटलं.
हाताच्या पावतीवर जिनिंगवाला पैसे सोडत नाही
हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

कारण दुपारी कळलं.
महिना चारशे रुपयांच्या त्या सामाईक सर्व्हरवर
आमच्यासारखी दोनशे बिऱ्हाडं.
त्यातल्या सुरतेच्या एका साडीवाल्यानं
रात्री बारापासून सेल लावला,
आणि त्याची गर्दी आमच्या ओसरीवर
चपला काढून बसली.

ठरवलं, आता आपला स्वतःचा. अख्खा. एकट्याचा.

मग आकडे आले.
कोअर किती, रॅम किती, डिस्क कुठली,
पुण्याचा विक्रेता भरभर बोलत होता
आणि मी हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर.
महिना नऊ हजार.
कापूस संपल्यावर काय करणार हे यंत्र?
थोडी तूर, थोडा चणा,
एखादा भंगाराचा टेम्पो,
आणि सात महिने नुसता पंखा फिरवत बसणार
नऊ हजारांत.

खाली रूपराव उगेमुगे
काट्याच्या फटीतली सरकी खिळ्यानं काढत होते.
बावीस वर्षं याच फटी.
विचारलं त्यांना.
"चाळीस टनाचा काटा बसवला तवा लोकं हासले.
म्हने, बंड्यायले येवढा काटा कायले?"
खिळा पुसला.
"वीस टनाच्या काट्यावर पंचवीस टन चढला
तं काटा मोडत नाही, मॅडम.
खोटं बोलते.
मोडला असता तं बरं."

त्या रात्री तीनचा गजर लावून
चार कंपन्यांना फोन केले.
पहिलीकडं बासरी.
दुसरीकडंही बासरी, वर माझा फोन किती महत्त्वाचा ते.
तिसरीकडं कुणीच नाही.
चौथीकडं एक पोरगा,
तोंडात काहीतरी कुरकुरीत.
डिस्क गेली तर, विचारलं.
"गेली तर नाही, ताई. जातेच.
तिसऱ्या नाहीतर चौथ्या वर्षी.
दोन घ्या, एकीचं दुसरीवर उतरत राहू द्या,
आणि तिसरी प्रत वेगळ्या गावाला ठेवा."
मग घास गिळला त्यानं.
नाव विचारायचं राहून गेलं माझं.
कंपनीचं तेवढं लिहून घेतलं.

आता तो नवी मुंबईत कुठल्याशा थंड खोलीत आहे,
अकराव्या रांगेत. मी पाहिलेला नाही.
"वजन किती त्याचं?" रूपरावांनी विचारलं.
मी कळवलं, दोन दिवसांनी उत्तर आलं:
अठरा किलो सहाशे.
"वीस धरा," ते म्हणाले.
"आपला काटा दहाच्या पटीतच बोलते."

मे महिना. हायवेचं डांबर चपलेला धरतं.
पडद्यावर सर्व्हरचा भार दोन टक्के.
नऊ हजारांचं बिल सकाळीच आलं,
भरलं.
कधी कधी उगाच उघडून बघते,
दोनाचा तीन होतो, तिनाचा पुन्हा दोन,
जसं कुणी झोपेत कूस बदलावी.

संध्याकाळी रूपराव काटा झाडतात
आणि खालून ओरडतात, रोजच्यासारखं,
"शून्य हाय का?"
मी लाल आकड्यांकडं बघते.
"नाही, तीस दाखवतंय."
"थांबा," ते म्हणतात,
"बकरी हाय."