झीरो कुठे धरला?

पर्यायांचा फॉर्म उद्या पाचला बंद.
कॉलेज रोडच्या खैरनार सरांनी वहीच्या मागच्या पानावर
निळ्या पेनाने उतरंड लावून दिलेली:
वर एआय, खाली कॉम्प्युटर, त्याखाली आयटी.
"बाकी काही टाकूच नको, सीट फुकट जाते."
फी बाराशे. पावती नाही.

समोरच्या बोरस्त्यांचा ओजस म्हणतो, डेटा घे.
मामा म्हणतो, पुण्याचं काहीही घे.
मला बारावीत एकच प्रकरण मनापासून आवडलं होतं,
तर्कशास्त्र,
खरं-खोट्याचे ते तक्ते.
पण आवडीसाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

पप्पा अंबडहून सेकंड शिफ्ट संपवून आले.
हातांना कूलंटचा वास, साबणाला न जुमानणारा.
भाकरी मोडता मोडता म्हणाले,
"या कॉम्प्युटरमध्ये नक्की शिकवतात काय?"
मी मोठमोठी नावं सांगितली.
ते ताक प्यायले.
"एकोणीस वर्षं मीही ओळीच लिहितोय मशीनला.
जी झीरो झीरो, जी झीरो वन,
शेवटी एम थर्टी.
मशीन हुशार नसतं गं, आज्ञाधारक असतं.
सांगशील तिथेच जाणार,
तिथे माझा अंगठा असला तरी."

डाव्या अंगठ्याचं नख अर्धंच आहे त्यांचं.
मी समजत होते, कधीतरी दारात सापडलं असेल.

आणि स्कॉलरशिपच्या अर्जात मी लिहून बसले होते:
घरात प्रोग्राम लिहिणारी मी पहिलीच.

"विषय तुझा तू बघ.
मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी विचारतो तेवढंच विचारतो,
झीरो कुठे धरला?
तो चुकला की पुढचं सगळं बरोबर असूनही
माल भंगारात."

रात्री साडेबाराला मी सरांची उतरंड मोडली.
वर टाकली गणित आणि संगणनाची ती शाखा,
गंगापूर रोडची, चाळीस जागांची,
जिचं होर्डिंग कुठल्याच चौकात नाही.
मग कॉम्प्युटर. मग आयटी.
एआय चौथ्यावर, मामासाठी.

पप्पांनी चष्मा लावला.
दहा-दहा आकडी कोड मोठ्याने वाचायला लावले,
मोबाईलवर बोट ठेवून, एकेक अंक.
तिसऱ्यात सहाचा आठ झाला होता.

"ड्राय रन झाला. आता दाब. सावकाश."
म्हणाले,
आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले,
नवा जॉब लावल्यावर
राहत असतील तसे.