सहावा रकाना

मंत्रालयाचं पत्र आलं तेव्हा
हजेरीत तिला कुठं बसवायचं, हा प्रश्न माझा होता.
फिटर, वेल्डर, हेल्पर, चहावाला –
कलाकार असा कोड आमच्या पगारपत्रकात नाही.
नाव : वैजयंती केळुसकर. मुदत : नऊ महिने.
काम : ठरलेलं नाही.
सतरा वर्षं टाइमकीपर आहे मी.
न ठरलेल्या कामाला ओव्हरटाइम कसा लावायचा
हे इस्लामपुरात कुणी शिकवलं नव्हतं, ओमानातही नाही.

‘इतर’मध्ये टाकली.

आमचं खातं समुद्रातून मीठ वेगळं करतं,
उरेल ते पाणी गावाला प्यायला देतं.
गावाचं नाव सूर.
ती म्हणाली, गावाचं नाव सूर
आणि तुम्ही सगळे कानात बोळे घालून!
आम्ही हसलो. बोळे सक्तीचे आहेत बाई,
पंपघरात काढले तर तीन रियाल दंड,
आणि दंडाची वहीही माझ्याकडेच.

पहिला महिना वाटलं, भिंत रंगवेल.
मुदीर जाहिरसाहेबांनी भिंत धुऊनसुद्धा घेतली :
शिडाचं गलबत काढा, वर दोन समुद्रपक्षी, पाहुणे खूश.
ती ‘बघू’ म्हणाली.
रंग तिनं आणलेच नव्हते.

पाळीबरोबर यायची, पाळीबरोबर जायची.
रात्रपाळीत दादमहंमद बलोच
बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवतो,
मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले,
आणि मीटरच्या आधी सांगतो : हा चार दिवसांचा सोबती.
हे सगळ्यांना ठाऊक होतं.
लिहिलेलं कुठंच नव्हतं.
तिनं विचारलं, काय ऐकू येतं?
तो बराच वेळ लाजला. मग म्हणाला,
बाजी, उंट झोपेत दात खातो ना, तसं.

वेळ, दाब, तापमान, क्षारता, सही.
लॉगशीटवर पाच रकाने.
तिनं सहावा मागितला. मथळ्याशिवाय.
मथळ्याशिवाय रकाना म्हणजे ऑडिटला आवतण,
थॉमसकुट्टी कडाडला. चार बैठका झाल्या.
निदान ‘शेरा’ लिहा. नको. ‘आवाज’? नको.
चौथ्या बैठकीत कुणीतरी वैतागून विचारलं,
मग तुमचं काम सुरू कधी होणार?
ती इतिवृत्त लिहीत होती. मान वर न करता म्हणाली,
चालूच आहे.

तीन महिन्यांच्या कराराने रकाना मिळाला.
पहिले आठ दिवस नुसत्या रेघा.
मग रफीकुलच्या अक्षरात :
०२.०० – तीन नंबर गप्प. घरी कुणी आजारी असल्यासारखा.
कुंजुमोन : काही नाही.
दुसऱ्या रात्री कुंजुमोन :
काही नाही, पण कालच्यासारखं काही नाही नाही.
एकदा नुसतं : आईचा फोन. दाब बरोबर.
थॉमसकुट्टीनं लाल पेन काढलं,
मग टोपण लावून खिशात ठेवलं.
तीन नंबर गुरुवारी उघडला. बेअरिंग गेलं होतं.
ती यावर काही बोलली नाही,
उलट जरा नाराजच दिसली,
रकाना उपयोगी पडला म्हणून.

नऊ महिने भरले. मंत्रालयानं विचारलं, कलाकृती कुठं आहे?
तिनं कोरं लॉगशीट पाठवलं, सोबत छपाईची मागणीचिठ्ठी.
पुढं काय झालं मला माहीत नाही. तिचं तिकीट मीच काढलं.
भिंत अजून स्वच्छ आहे, दुपारी तिच्या सावलीत बकऱ्या बसतात.

यंदा नवे फॉर्म आले, सहा रकान्यांचे.
मंजुरी कुणाची, फाइलमध्ये सापडेना.
मुलतानचा नवा पोरगा विचारतो, इथं काय भरायचं?
कुणी सांगत नाही. तो डोकं खाजवतो. भरतो.

परवा हजेरी घ्यायला पंपघरात गेलो
आणि कानातले बोळे काढले. दोन्ही.
मग रीतसर दंडाची वही उघडली :
तांबोळी हारून, तीन रियाल.
कारण –
हा रकाना छापीलच आहे, जुना आहे,
सतरा वर्षं मीच भरतोय.
पेन टेकवून उभा राहिलो.
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मग पाळीचा भोंगा झाला
आणि माणसं रांगेत अंगठे द्यायला आली.