किडी

आठवड्याचे सहा दिवस मी चौदाशे डिग्रीचं लोखंड
साच्यात ओततो.
म्हणून रविवारी, उद्यमबागेत भट्टी थंड असताना,
कोअर-शॉपच्या फळीवर नकाशा पसरून
गुरसिद्दनं विचारलं, मांत्रिका, कुठला मंत्र घेतोस,
तेव्हा मी यादीतला सगळ्यात तळचा घेतला.

इजा शून्य. पल्ला हातभर.
एक वात पेटते, नाहीतर चिमूटभर वाळकं गवत.
नियमांच्या वहीत त्यानं कन्नडात लिहिलंय : किडी.
म्हणजे ठिणगी.
डुमिंग हसला, "आमच्यात किडी म्हणजे मुंगीची भैण."
मला दोन्ही अर्थ चालतात.

डुमिंगकडे सात हात तलवार.
मेहरुन विजेनं अख्खी टेकडी फोडते.
मी मुक्कामाला चूल पेटवतो,
लाकडं ओली असली तर दोनदा फासा टाकतो.
"तू सैपाकी हैस गा," डुमिंग म्हणतो.

काल वेशीशी पोचलो.
कुठल्या दोन राज्यांची, गुरसिद्दनं सांगितलं नाही.
पाटी होती, दोन्ही अंगांनी डांबर फासलेली.
खाली दगडी राक्षस, तीनशे वर्षं उभा,
पायाशी वितळलेल्या तलवारी.
मेहरुनची वीज त्यानं जांभईसारखी गिळली.
डुमिंग मेला.
(उठून चहा सांगायला गेला.)

मी विचारलं, त्याच्या हातात काय आहे?
गुरसिद्दनं वहीत पाहिलं, मग माझ्याकडं.
हे कुणी विचारलंच नव्हतं.
"चिलीम," तो म्हणाला. "भरलेली. आग नाही."

पल्ला हातभर.
म्हणजे अगदी त्याच्या श्वासाखाली जाऊन उभं राहायचं.
"काय करूलास?" मेहरुन कुजबुजली.
किडी, म्हटलं, आणि फासा टाकला.

फासा मीच ओतलाय, भंगारातल्या पितळेचा,
पोटात हवेचा फोड राहिलेला,
तो कधी कुणाचं ऐकत नाही.
घरंगळत गेला साच्याच्या पेट्यांखाली.
गुरसिद्द वाकला नाही.
"पेटली," म्हणाला,
आणि रिकाम्या मुठीतून एक लांब झुरका ओढून दाखवला.
राक्षस खाली बसला. जरा सरकून.

आज सकाळी पेटी उचलली तर वाळूत फासा.
वर एक.
खिशात टाकला. भट्टीत कोक भरला.
बोळा दमट होता, काडी दोनदा विझली.
तिसरीला, आसपास कुणी नाहीसं बघून,
मी हळूच म्हणालो.