उशिराची नोंद

पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं : पेशंट कम्फर्टेबल.
सिस्टर रूथ साळवेंनी चष्मा कपाळावर ढकलला.
"त्याने सांगितलं तुला?"
नाही, झोपला होता.
"मग झोपला होता, असं लिही.
कुठल्या कुशीवर, ते लिही.
श्वास मोज, मोजला तो आकडा लिही.
तुझं मत डब्यात ठेव, घरी जाऊन खा."

रात्रपाळीला लाल शाई.
चुकलं तर एकच आडवी रेघ,
खालचं अक्षर दिसलं पाहिजे, शेजारी सही.
माझं इंग्रजी उदगीरच्या शाळेतलं,
स्पेलिंग अडखळायचं, पण वेळ नाही.
वेळ मी घड्याळात दोनदा बघून टाकायचे.

नऊ नंबरच्या आजींना एकीने इन्सुलिन दिलं
आणि लिहायचं राहिलं, फोन वाजला म्हणून.
सकाळच्या बाईने कोरा रकाना पाहिला, पुन्हा दिलं.
आजी घामाने भिजल्या, जीभ जड झाली,
सलाइनमधून साखर ओतली, तासाभराने
त्यांनी चहा मागितला.
कोणी कोणावर ओरडलं नाही.
सिस्टर रूथ त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून
बराच वेळ उभ्या होत्या, एवढंच.
"हे वाचलं जातं," त्या म्हणाल्या, "म्हणून माणूस वाचतो."
विनोद करत नव्हत्या.

मग जनार्दन मढवी, बेड चौदा,
दिवागावचे, हयात मिठागरात गेलेली,
पायांच्या भेगा अजून पांढऱ्या.
ऐरोलीच्या आमच्या वॉर्डाला खाडीकडची एक खिडकी आहे,
रात्री तिच्यातून फक्त पुलाचे दिवे दिसतात
आणि तिवरांच्या जागी काळोख.

४.०५. जागे. तोंड खिडकीकडे करा म्हणाले. केलं.
विचारलं,
इथे पेन थांबलं.
इंग्रजी शब्द आठवेना, म्हणून ओळीच्या मधोमध
देवनागरीत घातलं : भरती का ओहोटी?
मला सांगता आलं नाही.
हेही लिहिलं. खरं होतं.
४.४०. नाडी लागत नाही. डॉक्टरांना बोलावलं.
पुढचं सगळं ठरलेल्या शब्दांत.

हात धरला होता, ते लिहिलं नाही.
त्याला रकाना नाही,
आणि लिहिलं नाही ते केलंच नाही, असं आमच्यात मानतात.

सकाळी वाटलं, सिस्टर रूथ ती ओळ खोडायला लावतील.
त्यांनी वाचली. परत वाचली.
खाली आपली सही केली आणि पान उलटलं.

दहा महिन्यांनी धाकटा मुलगा आला, हेमनाथ,
विम्यासाठी काढलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन.
"एस. बिरादार कोण?"
पोटात गोळा आला. काय राहिलं माझ्याकडून?
त्याने पान काढलं. झेरॉक्समध्ये लाल शाई काळी होते.
"त्या रात्री मी घरी होतो," म्हणाला, "झोपलो होतो."
मग बोट त्या दोन मराठी शब्दांवर :
"बाबांनी आम्हाला पाउणकी शिकवली होती. तिथीला पाऊणपट करायची,
की भरतीची वेळ मिळते.
पंचमी होती. पाच पाउणे पावणेचार.
पाणी पूर्ण भरून नुकतंच वळलं होतं, सिस्टर.
त्यांना माहीत असणारच. तुम्हाला उगाच विचारलं."
आणि हसला, आणि गठ्ठा नीट करत राहिला,
आधीच नीट असलेला.

फाईल बंद आहे, रेकॉर्ड रूममध्ये, तळमजल्यावर.
बंद फाईलमध्ये एक टिंबही भरता येत नाही,
भरू नये, मीच नव्या मुलींना तसं बजावते,
त्यांच्या डब्यांकडे बघत.

म्हणून इथे, दिवसा, निळ्या शाईत :

बेड चौदा. ४.०५.
ओहोटी लागली होती, काका.
डावा हात माझ्या हातात होता.
सुनयना बिरादार, स्टाफ नर्स.